अंगणाची उंची

एक पायरी उतरायची आहे म्हणून दिलाराने सवयीने उजवा पाय खाली सोडला आणि जमीन अर्ध्यातच आली. टाचेतून निघालेला हिसका गुडघ्यातून, कमरेतून सरळ वर चढला आणि दातांवर येऊन आदळला. ती पडली नाही. दाराच्या चौकटीला हात टेकून नुसती उभी राहिली. गल्लीत नव्या डांबराचा वास होता. काल संध्याकाळपर्यंत जिथे पायरी होती तिथे आता काळा, गुळगुळीत, अजून कोमट असलेला रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला येऊन थांबला होता. मोहम्मदपूरच्या या गल्लीत त्या दोघी मायलेकी राहायला आल्या तेव्हा दारापुढे तीन पायऱ्या होत्या. घरात शिरायचं तर चढून जावं लागे. मग दर काही वर्षांनी रस्त्याची माणसं यायची, जुन्या डांबरावर खडी, खडीवर डांबर टाकायची आणि एक पायरी गिळून जायची. सरकारी वर्ष जूनअखेर संपतं, त्याआधी पैसा खर्ची पडायला हवा, म्हणून ढाक्यातल्या सगळ्या गल्ल्या पावसाच्या तोंडावरच उंच होतात. आज शेवटची पायरी गेली होती.

"काय आपटलं गं बुलू?" आतून आम्माने लेकीला घरच्या नावाने विचारलं.

"काही नाही. रस्ता वर आलाय."

"येऊ दे. पुढच्या खेपेला तो थेट माझ्या पलंगावर येईल. मी आतापासून एका कुशीवर झोपायची सवय लावून घेते."

"चेष्टा नाही आम्मा. पाऊस आला की पाणी आत येणार."

"मग पलंगाच्या पायांखाली विटा लावू. विटा लावण्यात तुझी आई कधी कुणाला हरलीय का?"

दिलारा कचेरीला निघाली. रिक्षात बसल्यावरही टाच ठणकत राहिली. तिला नवल वाटलं ते दुखण्याचं नाही, पायाच्या आडमुठेपणाचं. डोळ्यांनी रस्ता पाहिला होता. काल रात्री रोलरची घरघर कानांनी ऐकली होती. डांबर पडतंय हे डोक्याला ठाऊक होतं. तरी पाय मात्र आपल्या जुन्या हिशोबाने खाली गेला, तिथे जमीन असेलच अशा खात्रीने. आपल्या आत कुणीतरी एक उंचसखलपणाची नोंद ठेवत असतं आणि आपल्याला विचारल्याशिवाय ती बदलत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिने तो विचार बाजूला सारला. तिचं शिक्षण असल्या वाक्यांवर विश्वास न ठेवण्याचं होतं. गेली वीसेक वर्षं ती नद्यांच्या पाण्याची गणितं करत होती. कुठल्या गावात किती पाणी येईल, किती दिवस राहील, कुणाचं किती बुडेल याचा अंदाज बांधून त्याचे नकाशे करणं हे तिचं काम होतं. त्यात टाचेच्या मताला जागा नव्हती.

कचेरीत पंखे फिरत होते आणि तिच्या टेबलावरच्या पडद्यावर जमुनेचा पश्चिम काठ उघडा होता. दुपारी कर्ज देणाऱ्या बँकेचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यापुढे हा नकाशा मांडायचा होता. शंभर वर्षांतून एकदा येतो तेवढा पूर आला तर जिथे छातीभर पाणी लागेल ती जमीन लाल, गुडघाभर तिथे पिवळी, आणि जी कोरडी राहील ती हिरवी. लाल-पिवळ्याच्या मधून नव्या बांधाची काळी रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली होती. रेघेच्या पश्चिमेला राहणारे वाचणार होते, पूर्वेला राहणारे नदीच्या वाट्याला जाणार होते. ही रेघ जवळजवळ सरळ होती. फक्त पाचगाछी आणि तिच्या भोवतालच्या गावांपाशी ती पश्चिमेकडे वळसा घालून गेली होती. गावं बांधाबाहेर, नदीच्या बाजूला सोडून. कारण पाचगाछी हिरवी होती. हिरव्याला बांध कशाला? नदीपासून दूर गेलेला बांध बुटका चालत होता, पैसा वाचत होता, आणि पूरकाळातल्या निवाऱ्याची इमारतही पाचगाछीच्या यादीतून गळली होती. खाली जबाबदार अभियंता म्हणून दिलाराचं नाव छापलेलं होतं, त्यापुढे सहीची जागा मोकळी होती.

हा नकाशा तिने कित्येकदा पाहिला होता. रंग नीट बसले होते, आकडे आपसात जुळत होते. आजही ती तो तसाच पाहत होती आणि टेबलाखाली चप्पल काढून टाच चोळत होती. चोळता चोळता, काही कारण नसताना, ती मनातल्या मनात पाचगाछीतल्या एखाद्या घरातून बाहेर पडली. शाळेला निघालेल्या मुलीसारखी. अंगण ओलांडलं, केळीच्या बनाशेजारून गेली आणि उतरायला पाय सोडला. पाय खाली गेलाच नाही. नकाशात उतार नव्हता. अंगण, शेत, पाऊलवाट, पलीकडची सडक, सगळं एका पातळीत, परातीत थापलेल्या पिठासारखं सपाट. सकाळचाच हिसका पुन्हा टाचेतून वर आला. या वेळी टाच हलली सुद्धा नव्हती.

कारण त्या मुलखात घरातून निघालं की उतरावंच लागतं. सडकेला लागताना चढावं लागतं. उतरणं आणि चढणं, या दोन हालचालींतून तिचं सगळं लहानपण गेलं होतं. जमुनेकाठी कुणी जमिनीवर घर बांधत नाही. आधी जमीन बांधायची, मग तिच्यावर घर. शेजारी तळं खणायचं, त्याची माती एका जागी ओतून उंचवटा घालायचा, त्याला भिटा म्हणायचं, आणि त्या भिट्यावर पत्र्याची घरं, गोठा, फणसाचं झाड, न्हाणी, सगळा संसार चढवायचा. दर फाल्गुनात, तळ्याचं पाणी आटलं की आम्मा पदर खोचून तळ्यात उतरायची आणि गाळाची टोपली डोक्यावर घेऊन वर यायची. तिच्या गालावरून गाळाचं पाणी ओघळत असायचं, आणि लहानगी दिलारा अंगणात ओल्या मातीवर लाकडी चोपणं आपटत बसलेली असायची. चोपण्याचा तो आवाज, धप, धप, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तळहातात येणाऱ्या मुंग्या तिला आता, पंख्याखाली बसूनही जाणवल्या. अंगण दरवर्षी बोट-दोन बोट वर यायचं. मागच्या पुराने जिथवर चाटलं असेल त्याच्या वर राहायचं, एवढाच नियम. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते; ते म्हणायचे की आपल्या आम्माने टोपल्यांनी एक बेट तयार केलंय आणि सरकारच्या भूगोलात त्याची नोंद नाही. आषाढात पाणी यायचं ते दाराशी येणाऱ्या पाहुण्यासारखं नव्हे, घरच्याच माणसासारखं. शेतं जायची, वाट जायची, शाळेत होडीने जावं लागायचं. पाणी भिट्याच्या कडेला येऊन उभं राहायचं. संध्याकाळी आम्मा पाण्याच्या काठावर एक काटकी रोवायची आणि सकाळी उठून आधी ती पाहायची. काटकी पाण्यात गेली असली की न बोलता मातीची चूल उचलून पलंगावर ठेवायची आणि पलंगावर बसूनच भात शिजवायची. पलंगाखालून पाण्याचा लपलप आवाज यायचा, आणि कोंबड्या वाशावर बसून खाली पाहत राहायच्या. तिला भीती वाटलेली आठवत नव्हती. आठवत होता तो आम्माचा पाण्याकडे पाठ करून बसलेला ताठ कणा.

पाणी ओसरलं की चिखलात पहिलं पाऊल टाकायचं. भिट्यावरून खाली उतरताना मुलीचा पाय मांडीपर्यंत जायचा आणि मग एकदम कुठेतरी घट्ट लागायचं. ती जमीन. खरी जमीन तिथे होती.

दिलाराने चप्पल घातली आणि पुढचं काम मन बाजूला ठेवून केलं. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तिने उपग्रहाचं चित्र उघडलं. शेतांच्या फिकट पसाऱ्यात पाचगाछीची घरं झाडांच्या गडद पुंजक्यांसारखी दिसत होती, ताटात ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी. मग जिथे जिथे मोजणीची काठी उभी करून उंची घेतली होती ते ठिपके तिने त्या चित्रावर टाकले. एक ठिपका पुंजक्यात पडला. दुसराही पुंजक्यात. तिसरा. ती एकेक पाहत गेली. मधल्या शेतांत एकही ठिपका नव्हता. यंत्राला मिळाल्या त्या फक्त अंगणांच्या उंच्या. त्याने एका अंगणापासून दुसऱ्या अंगणापर्यंत रेघा ओढल्या आणि मधली सगळी शेतं उचलून अंगणांच्या पातळीला नेऊन ठेवली. आम्मासारख्या बायकांनी टोपल्यांनी वर आणलेली माती यंत्राने मैलोन् मैल पसरून टाकली होती.

तिने तोफज्जल मियांना फोन लावला. मोजणीचं पथक त्यांचं होतं.

"तोफज्जल भाई, पाचगाछीत काठी कुठे उभी केली होती?"

"कुठे म्हणजे आपा? गावातच."

"शेतात नाही?"

"शेत होतंच कुठे? कामाचा हुकूम आला जूनमध्ये. पैसा जूनअखेर संपवायचा. पाणी मांड्यांपर्यंत. मी काठी घेऊन पोहायचं होतं का?"

"होडीतून उतरून घेता आली असती."

पलीकडे तोफज्जल मियां हसले. "आपा, तुम्ही त्या बाजूच्या, तुम्हाला सांगायला नको. पाण्यात उभं राहू देतात का ते लोक? होडी दिसली की बायका वरून ओरडायला लागतात. सरकारी माणूस आमच्या दाराखाली पाण्यात उभा राहिला तर लोक काय म्हणतील. हाताला धरून वर नेतात. खुर्ची काढतात. चुरमुरे काय, गूळ काय, नारळ काय. काठी माझ्या हातात राहतच नव्हती, घरचा म्हातारा ती घेऊन अंगणात उभा. म्हणे, आमच्या दारात मोजा, आमच्या दाराचं नाव लागू दे. एका घरी मोजलं की शेजारची रुसते. मग तिच्याही अंगणात. खरं सांगू, सगळ्या नोकरीत एवढं खाल्लं नाही."

"आणि कागदावर जमिनीची उंची म्हणून लिहिलं."

"काठी जमिनीवरच होती आपा." मग आवाज उतरला. "का? काही गडबड झाली?"

"झालीय," दिलारा म्हणाली. "पण ती निस्तरता येईल. काठी तयार ठेवा."

फोन ठेवून तिने ते ठिपके पुन्हा एकदा पाहिले. तिला तोफज्जल मियांचा राग आला नव्हता. त्या अंगणांचाही नाही. ती खुर्ची तिला दिसत होती, पावसात फुगलेली, एक पाय डुगडुगणारी, पाहुण्यासाठीच ठेवलेली. आणि त्या खुर्चीवर बसवल्याबद्दल आता त्याच घराला नदीत सोडून द्यायचं होतं. पाहुण्याला चिखलात उभं राहू दिलं नाही एवढ्या गुन्ह्यासाठी. तिने सहीची जागा मोकळी असलेलं पान उचललं आणि ती संचालकांच्या खोलीकडे निघाली.

संचालक इफ्तेखार साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, चष्मा काढून पुसला.

"दिलारा आपा, माणसं अंगणातच राहतात ना? तुमच्या नकाशाप्रमाणे अंगण कोरडं राहतंय. मग त्यात वाईट काय?"

"नकाशाने शेतंही उंच धरलीत सर, म्हणून तो पाणी तिथे शिरूच देत नाही. खरं पाणी शिरेल. आजवर अंगणं बहुतेक कोरडी राहिली, कारण पाण्याला पश्चिमेकडे पसरायला जागा होती. तीच जागा आपण बांध घालून बंद करतोय. मग ते पाणी अंगणावरच चढणार. आणि वर जायला इमारतही नाही, कारण हिरव्याला इमारत लागत नाही."

"हे अंदाज झाले."

"हिरवा रंगही अंदाजच आहे. फक्त तो छापून झालाय."

ते हसले. "तुम्ही त्याच काठच्या. मन ओढ घेतं, मी समजू शकतो. पण पाहुणे समजणार नाहीत. म्हणतील, बाईंनी आपल्या गावाचं बघितलं."

"माझं गाव नदीत आहे सर." तिचा आवाज चढला नाही. "मी कॉलेजात असताना गेलं. भिटा, शाळा, अब्बांची कबर, सगळं. पडद्यावर जिथे निळं दिसतंय त्याच्या साधारण मधे. त्याला कुठलाच बांध आता वाचवू शकत नाही. माझं वाचवायचं काही उरलेलं नाही, म्हणूनच मला हे बोलणं सोपं जातंय."

इफ्तेखार साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "बरं. शेवटच्या पानावर टीप टाकू. पावसाळा झाला की फेरमोजणी. आता सही करून टाका. जूनअखेर तोंडावर आहे."

"पावसाळा होईपर्यंत बांधाचं काम निघालेलं असेल. शेवटचं पान वाचून कुणी बांध हलवत नाही."

"तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणी सही करेल आपा. या इमारतीत सही करणारे पुष्कळ आहेत."

"असतील. मी त्यांच्यात नाही, एवढं सांगायला आले."

चहा तसाच राहिला. आपल्या जागी येताना तिच्या लक्षात आलं की आपण साहेबांना तोंडावर नाही म्हटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. पूर्वी वाटली असती. या कचेरीत ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बोलण्यातला नदीकाठचा हेल ऐकून बरोबरचे तरुण अभियंते हसायचे, आणि तिने तो हेल घासून घासून पुसला होता. शहरातल्या मुलींसारखं चालायलाही शिकली होती, पाऊल उचलून न टाकता, सपाट जमिनीवरून घसरवत. चिखलात वाढलेला माणूस आधी चवडा टेकवून अंदाज घेतो आणि मग भार टाकतो. ही सवय तिने सोडली होती असं तिला वाटत होतं. ती गेलीच नव्हती. बुटांच्या, चपलांच्या, नव्या डांबराच्या खाली ती इतकी वर्षं चवडा टेकवून वाट बघत होती.

मग तिने मूळ काम बाजूला जपून ठेवलं आणि त्याच्या प्रतीतून अंगणांतले सगळे ठिपके काढून टाकले. त्यांच्या जागी दुसरं काही घातलं नाही. घालण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि आठवणीतला आकडा घालणं हीही फसवणूकच झाली असती. गणित पुन्हा चालवलं. यंत्र बराच वेळ घरघरलं. मग लाल आलं, पिवळं आलं, इतर ठिकाणचं हिरवं आलं, आणि पाचगाछीच्या जागी काहीच आलं नाही. कागद कोरा राहावा तसा एक पांढरा डाग, आणि त्याला वळसा घालून जाणारी काळी रेघ. तिने तो पाहिला आणि आज पहिल्यांदा तिला बरं वाटलं. नकाशा आता निदान खोटं बोलत नव्हता.

दुपारच्या बैठकीत दोन पाहुणे होते. एक तरुण, सतत काहीतरी टिपून घेणारा, आणि एक पिकल्या केसांच्या पाहुणीबाई, ज्यांनी सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. इफ्तेखार साहेबांनी चार शब्दांत ओळख करून दिली आणि दिलाराकडे मान वळवली. तिने पांढरा नकाशा लावला. इफ्तेखार साहेबांचा हात टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"हे पांढरं काय आहे?" पाहुणीबाईंनी विचारलं.

"जे आम्हाला माहीत नाही ते," दिलारा म्हणाली.

"छापील नकाशात इथे हिरवं आहे."

"छापील नकाशात घरांची अंगणं मोजलीत. तिथले लोक जमीन उचलून राहतात. आम्ही त्यांची उचललेली माती मोजली आणि सगळी जमीन तेवढी उंच आहे असं धरून चाललो. ही काळी रेघ त्या चुकीवर वळली आहे. वळली त्या जागी हजारो माणसं बांधाच्या चुकीच्या बाजूला राहतात."

"म्हणजे धोका जास्त आहे?"

"मला वाटतं, आहे. पण मला वाटण्यावर बांध घालू नका. शेतात काठी उभी करून येईपर्यंत इथे कुठलाच रंग भरता येणार नाही. मी भरणार नाही."

इफ्तेखार साहेब हसत मधे पडले. "आमच्या दिलारा आपा फार काटेकोर आहेत. ही कामाची एक पायरी समजा, अंतिम नकाशा तुमच्या हातात आहेच."

"हातातल्या नकाशावर माझी सही नाही," दिलारा म्हणाली. "होणारही नाही."

तिने हे ज्या आवाजात म्हटलं तो तिला स्वतःलाच ओळखीचा वाटला. पाण्याकडे पाठ करून, पलंगावर बसून आम्मा म्हणायची, भात झालाय, जेवायला या. तोच. पाहुणीबाईंनी पडद्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. तरुणाने टिपणं थांबवलं होतं. मग बाईंनी छापील नकाशाची घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत न ठेवता टेबलावरून इफ्तेखार साहेबांकडे सरकवला. "शेतात काठी उभी करायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं, पण दिलाराला, साहेबांना नाही.

"पाणी चढायच्या आत जायला हवं," दिलारा म्हणाली. "म्हणजे लगेच."

बैठक उठल्यावर इफ्तेखार साहेब दाराशी थांबले. "रजा घेऊन जा," ते हळू आवाजात म्हणाले. "संस्थेचा माणूस म्हणून नाही. गाडी मिळणार नाही. आणि परत आल्यावर तुमचं टेबल तिथेच असेल असं मी आज सांगू शकत नाही." आवाजात राग नव्हता. बहुधा तिच्यासारखाच त्यांनाही टाचेत हिसका बसला होता. दिलाराने मान हलवली. कुणी सही केलीच तर आता त्याला पांढऱ्यावर करावी लागणार होती, सगळ्यांनी पाहिलेल्या पांढऱ्यावर. तेवढं झालं होतं.

घरी आली तर आम्माने गल्लीतल्या गवंड्याला धरून उंबऱ्यावर विटांचा एक थर घालून घेतला होता. सिमेंट अजून ओलं होतं. आम्मा खुर्ची टाकून त्याची राखण करत बसली होती, कुणी पाय देईल म्हणून.

"वरून ये. पाय उचलून. नव्या रस्त्याला म्हटलं, तू एक तर मी एक."

दिलाराने पाय उचलून उंबरा ओलांडला. दिवसभराचं सगळं सांगितलं. आम्माने फक्त एकदा पदराने नाक पुसलं.

"नोकरी गेली?"

"माहीत नाही."

"गेली तर बरंच. दर खेपेला गवंड्याचे पाय धरावे लागतात, घरचं माणूस मिळेल." मग दुसरीकडे पाहत, "तिकडे गेलीस की काहीतरी खाऊन घे. उपाशी मोजू नकोस."

तिसऱ्या दिवशी तोफज्जल मियां आणि ती पाचगाछीच्या सडकेवर बसमधून उतरली. सकाळी वाऱ्याचं वादळ येऊन गेलं होतं. आंब्याच्या कैऱ्या वाटेवर पडल्या होत्या, आणि सखल शेतांत नदीचं पहिलं पाणी मुकाट्याने शिरलं होतं. तोफज्जल मियांनी काठीवरचा आकडा वाचायची दुर्बीण सडकेच्या कडेला, जिथली उंची पक्की माहीत होती तिथे लावली आणि खुणेचा हात वर केला. काठी दिलाराने घेतली. तिने चपला सडकेवर काढून ठेवल्या, साडी खोचली आणि उतारावरून खाली निघाली, चवडा टेकवत, मग भार टाकत.

शेताच्या मधोमध पोचायच्या आत समोरच्या भिट्यावरून एक बाई ओरडली. "ओ आपा, कुठे चाललात? तिकडे दलदल आहे. वर या."

"इथेच काम आहे," दिलाराने ओरडून सांगितलं. तिचा पुसून टाकलेला हेल आपोआप परत आला होता.

"काम अंगणातही होतं. मागच्या साली त्या काकांचं झालं की. हे काय, तेच काका सडकेवर उभे आहेत. अहो काका, बाईमाणसाला चिखलात घातलंत आणि आपण कोरडे?"

तोफज्जल मियांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. "यंदा मला खायला मनाई आहे ताई," ते सडकेवरून ओरडले.

बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्यामागे एक म्हातारा येऊन थांबला, त्याने खुर्ची धरली होती. "आमच्या दारापुढे चिखलात उभ्या राहिल्यात तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, आता जरा दुखावलेल्या आवाजात.

"म्हणू दे," दिलारा म्हणाली. "आज मी वर येणार नाही. तुम्ही कितीही बोलावलंत तरी नाही. मोजून झालं की येते, मग पोटभर वाढा."

बाईने म्हाताऱ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याने बाईकडे. मग बाईने त्याच्या हातून खुर्ची काढून घेतली, साडी खोचली आणि खुर्ची डोक्यावर धरून भिट्याच्या उतारावरून खाली यायला लागली, चिखलात, दिलाराच्या दिशेने, तोंडाने पुटपुटत. दिलाराने काठी उचलली. आणखी एक पाऊल पुढे, जिथे पाणी जास्त गढूळ होतं तिथे. तिने पाय सोडला. घोटा गेला, पोटरी गेली, गुडघा गेला, गार गाळ बोटांमधून वर चढत गेला, आणि ती थांबली नाही, खाली जात राहिली, जोपर्यंत तळव्याला घट्ट लागलं नाही. पायाने सांगितलं होतं तिथेच जमीन होती. तिने काठी पायाशेजारी रोवली, सरळ धरली, आणि सडकेकडे तोंड करून ओरडली, "वाचा."